अध्यक्षाची खाट

कळसाडीचे पितांबर पाटील मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी सभागृहात तोंड म्हणून उघडलं नव्हतं. तसे ते मुखदुर्बळ नव्हते. वावरात सालदाराशी, बाजारात अडत्याशी, संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर गावाशी त्यांच्या गप्पा रंगायच्या. पण त्या सगळ्या अहिराणीत. सभागृहात निम्मे लोक इंग्रजीत बोलत आणि उरलेले कचेरीच्या मराठीत, तेव्हा पाटील मूग गिळून बसत आणि सगळे हात वर करतील तेव्हा आपलाही करत.

एकदा मात्र त्यांनी एकट्याने हात वर केला. पाठीमागची खिडकी उघडी होती, समुद्रावरचा वारा मानेवर येत होता आणि त्यांना शिपायाकडून ती लावून घ्यायची होती. नेमकं त्याच वेळी सभापती विचारत होते, की सातपुड्यात तोरणमाळला रस्ता करावा की करू नये याची चौकशी करायला समिती नेमायची आहे, त्या मुलखाची माहिती असलेला कोणी सभासद आहे काय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पाटलांचं नाव समितीत गेलं. खिडकी उघडीच राहिली.

माहिती म्हणावी, तर तोरणमाळचा डोंगर पाटलांना त्यांच्या वावरातून रोज दिसायचा. सकाळी नांगर जुंपताना दिसायचा, भाकरी खाताना दिसायचा. निळा, लांबलचक, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. पण तिथे ते जन्मात गेले नव्हते. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस मुद्दाम उठून कशाला जाईल?

सरकारी काम ते. फाल्गुनात नेमलेली समिती दिवाळीच्या तोंडावर जमायची ठरली. पाटील धोतर-कोट गाठोड्यात बांधत होते आणि त्यांची बायको कौसाबाई दाराला टेकून बघत होती.

"तुम्ही कधी तठे गयात का?" तिने विचारलं.

"नही."

"मंग त्यासले काय सांगशात?"

"सांगानं नही, इचारानं शे."

"कोनले इचारानं?"

"जे तठे ऱ्हातस त्यासले."

"मंग त्यासलेच समितीमा काबर नही लिधं?" कौसाबाई म्हणाली. पाटलांनी गाठोड्याची गाठ आवळली. "कापूस येचाले उना शे," ती पुढे म्हणाली, "आनि तुम्ही डोंगर चढाले चालनात."

"दोन दिनमा येस मी परत," पाटील म्हणाले आणि बैलांच्या धमणीत बसले.

डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी बंगला होता. कौलारू, चौफेर ओसरी, पुढे मोहाचं मोठं झाड. तिथे समितीची पहिली बैठक होती. समितीत सहा सभासद; पैकी दोघांनी प्रकृती बरी नसल्याचं कळवलं. उरले चौघे, आणि कामकाज चालायला कमीत कमी चौघेच लागत होते. म्हणजे एकाला शिंक आली म्हणून तो बाहेर गेला तरी बैठक मोडणार.

पाटलांखेरीज बाकीचे तिघे असे. एक नंदुरबारचे धर्मचंद शेठ. जिनिंगचा कारखाना, तुळतुळीत चेहरा, देह भरदार, बोलणं साखरेत घोळवलेलं. दुसरे बन्सीलालभाई, तापीकाठचे बडे जमीनदार. त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि त्या तशा राहाव्यात यासाठी त्यांच्या ट्रंकेत एक बाटली असे. तिसरे धुळ्याचे सोहोनी वकील, बारीक, उंच, आणि कुठल्याही वाक्याला हरकत घेऊ शकणारे. या तिघांनाही अध्यक्ष व्हायचं होतं. मुंबईहून चिटणीस म्हणून गुप्ते नावाचे गृहस्थ आले होते. ते नियमांचं पुस्तक कापडात गुंडाळून छातीशी धरत.

गुप्त्यांनी पहिलं पान वाचलं. "समितीने पहिल्या बैठकीत आपल्यातून एक अध्यक्ष निवडावा. निवड होईतो वयाने सर्वांत वडील सभासदाने तात्पुरते अध्यक्षस्थान घ्यावे. तात्पुरत्या अध्यक्षास निवडणुकीस उभे राहता येणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकल्याबरोबर खोलीतले सगळे तरुण झाले.

"माझं वय पंचेचाळीस," बन्सीलालभाई मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"मी चव्वेचाळीस," धर्मचंद शेठ म्हणाले.

"शेठ, तुमचा नातू इंग्रजी शाळेत जातो."

"आमच्यात लग्नं फार लवकर होतात, भाई."

सोहोनी वकील खरोखरच एक्केचाळीसचे होते, पण ते खरं बोलतायत यावर कोणाचाही विश्वास बसेना. मग सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं.

पाटलांना आपलं वय ठाऊक नव्हतं. "मन्ही माय सांगे," ते म्हणाले, "तापीले मोठा पूर उना व्हता, तवय मी पोटमा व्हतू."

"कोणता पूर?" वकिलांनी विचारलं.

"मोठा."

तापीला मोठे पूर बरेच येऊन गेले होते. तिघांनी मिळून त्यातला सगळ्यांत जुना काढला आणि हिशेब मांडला. पाटील त्रेसष्ट वर्षांचे निघाले. त्यांचा थोरला भाऊ दोधू त्या साली जेमतेम साठीला आला होता. पाटलांनी हे सांगून पाहिलं, पण थोरला भाऊ समितीचा सभासद नव्हता, त्यामुळे त्याचं वय कामकाजात घेता येत नव्हतं. पाटील तात्पुरते अध्यक्ष झाले.

बंगल्यात हातांची खुर्ची एकच होती. तिच्यात त्यांना बसवलं आणि मतदान झालं. शेठजींनी शेठजींना मत दिलं, बन्सीलालभाईंनी बन्सीलालभाईंना, वकिलांनी वकिलांना. प्रत्येकाला एक.

"समसमान," गुप्ते म्हणाले. "आता तात्पुरत्या अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं."

पाटलांना हायसं वाटलं. त्यांना तिघांतला कोणीही चालणार होता. जो जवळ बसला होता त्याचं, म्हणजे शेठजींचं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, तोच सोहोनी वकील उभे राहिले.

"हरकत आहे. निर्णायक मत मनाला येईल तसं देता येत नाही. विलायतेच्या पार्लमेंटातला शिरस्ता असा आहे, की अध्यक्षाने ते नेहमी आहे त्या स्थितीच्या बाजूने द्यावं. बदल करणं बहुमताचं काम. एकट्या माणसाचं नव्हे."

गुप्त्यांनी पुस्तक चाळलं आणि दुःखाने मान डोलावली. शिरस्ता होता.

"आहे ती स्थिती म्हंजे?" पाटलांनी विचारलं.

"अध्यक्ष नाही, ही."

"मंग मी काय करू?"

"अध्यक्ष नसण्याच्या बाजूने मत द्या."

पाटलांनी दिलं. गुप्त्यांनी टिपणात लिहिलं, की अध्यक्ष नसणे बहुमताने निवडून आले.

असं ते घोडं पहिल्याच बैठकीत पेंड खायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मतदान, पुन्हा एकेक मत, पुन्हा पाटलांचं मत आहे त्या स्थितीला. तिसऱ्या दिवशी तेच. परत जायची सोय नव्हती, कारण चौघांतला एक उठला की निवडणूकच व्हायची नाही, आणि निवडणूक होत नाही तोवर बैठक तहकूब करायचा अधिकार कोणालाच नव्हता. गुप्त्यांनी घोडेस्वार पाठवून शहाद्याहून मुंबईला तार केली, की काय करावं याचा सल्ला मिळावा. उत्तर आलं, की सल्ला मागण्याचा अधिकार समितीच्या अध्यक्षांना आहे, तरी त्यांच्या सहीने मागावा.

बंगल्याचा खानसामा नथ्थू याचे वेगळेच हाल चालले होते. साहेबलोकांत मुख्य कोण त्याला आधी वाढायचं, हे त्याने आयुष्यभर पाळलेलं. तिघे तर ताटाकडे हात नेण्याआधी एकमेकांकडे बघत राहत. शेवटी तो भाजीचं पातेलं मेजाच्या मध्यावर ठेवून स्वयंपाकघरात पळून जाऊ लागला.

आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली साक्षीदार बसले होते. समिती येणार म्हणून डोंगरावर दवंडी गेली होती. त्याप्रमाणे तोरणमाळहून जालमसिंग नावाचा पावरा आदिवासी आणि त्याच्याबरोबर पाड्यांवरची माणसं उतरून आली होती. पण समिती सुरूच झाली नव्हती, त्यामुळे तिला ऐकता येत नव्हतं. माणसं झाडाखाली बसून आपापसात रस्त्याबद्दल बोलत, भांडतही, आणि ते सगळं ओसरीवर स्पष्ट ऐकू येई.

"हे ऐकू नका," सोहोनी वकील बजावत. "आत्ता ऐकलंत तर ती साक्ष बाद होईल."

मग शेठजी कानावर उपरणं घेत आणि बन्सीलालभाई खोकत. पाटील बापडे खुर्चीत बसून डोंगराकडे बघत. एवढ्या जवळून तो निळा नव्हताच. हिरवा, तपकिरी, कुठे काळा कातळ, कुठे करपलेलं गवत. पन्नास वर्षं आपल्याला कोणी वेगळाच डोंगर दाखवला आणि पुढ्यात भलताच आणून ठेवला, असं त्यांना वाटायचं आणि उगाच राग यायचा.

एका सकाळी ते ओढ्यावर तोंड धुवायला गेले तर जालमसिंग तिथे पायातले जोडे काढून पाय पाण्यात सोडून बसलेला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला लाल मुंडासं. घरी तो पावरी बोलायचा. खालच्या बाजाराला यायचं म्हणून मोडकीतोडकी अहिराणी शिकला होता.

"तुमनामा मोठा कोन शे?" त्याने विचारलं.

"आजून ठरेल नही," पाटील म्हणाले.

"मंग तू कोन?"

पाटलांनी विचार केला. "मोठा कोन ते ठरावाना मोठा."

जालमसिंगला हे समजल्यासारखं दिसलं. निदान त्याने मान हलवली.

"तुले कसं निवडं?" पाटलांनी विचारलं.

"आमना पाडामा जोडा एकच शे," जालमसिंग म्हणाला. "सायेबपुढे जोडा घालीसन जावानं ठरनं. समदासनी घाली देखा. माले बसना."

"आनि तुले रस्तानं काय वाटस, ते?"

"ते कोनी इचारं नही."

तो थट्टा करत होता की खरं सांगत होता, हे पाटलांना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. पण त्यांना त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मुंबईत दोन वर्षं काढून त्यांना असा एकही माणूस भेटला नव्हता, जो आपल्यासारखाच कुठल्यातरी कारणाने कुठेतरी येऊन बसला आहे आणि तसं उघड सांगतो आहे.

त्याच दुपारी वेगळाच प्रकार घडला. जवळच्या गावाहून डोली वाहणारे चार भोई आले. ओसरीसमोर उभे राहिले आणि त्यांच्यातल्या म्होरक्याने हात जोडून विचारलं, "अध्यक्षसाहेब किती जड आहेत?"

"कशाला?" बन्सीलालभाईंनी विचारलं.

"वर न्यायचं ना. सातपायरीचा घाट खडा आहे. बाकीचे साहेब खाली राहिले तरी चालतं, अध्यक्षाला जावंच लागतं म्हणे."

सगळ्यांनी गुप्त्यांकडे पाहिलं. गुप्ते म्हणाले, की होय, दुसऱ्या पानावर तसा नियम आहे, जागेची पाहणी अध्यक्षाने जातीने करावी. पण दुसरं पान समिती सुरू झाल्यानंतर वाचायचं असल्यामुळे त्यांनी ते वाचलं नव्हतं.

भोयांनी धर्मचंद शेठकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि ते थोडे मागे सरले. शेठजींनीही मान वर करून घाटाकडे बघितलं. कातळाला चिकटवल्यासारखी एक पांढरी रेघ वर गेलेली दिसत होती.

चहा झाल्यावर मतदान झालं. धर्मचंद शेठ उठून अत्यंत गोड आवाजात म्हणाले, की आपण तर व्यापारी माणूस, अध्यक्षपदाला कायदा जाणणारा हवा, आपलं मत सोहोनींना. सोहोनी म्हणाले, की रस्ता शेवटी जमिनीवरूनच जातो, तेव्हा जमिनीचा जाणकार हवा, आपलं मत बन्सीलालभाईंना. बन्सीलालभाईंनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, की वय ही चीज लपवून लपत नाही, आपण थकलो, आपलं मत तरण्याबांड शेठजींना.

गुप्त्यांनी मोजलं. प्रत्येकाला एक.

पाटलांनी कोणी सांगायच्या आत आपलं मत आहे त्या स्थितीला देऊन टाकलं. समोर मोहाखाली जालमसिंगची माणसं उठून गाठोडी बांधत होती. पीठ संपलं होतं. ती परत चालली होती.

पाटील खुर्चीतून उठले, ओसरीच्या कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायऱ्या उतरले.

"जालमसिंग, थांब," ते म्हणाले. "मी बी येस."

"पाटील, कुठे निघालात?" गुप्ते ओरडले. "बैठक चालू आहे."

"चालू ऱ्हाऊ द्या," पाटील म्हणाले आणि चालू लागले.

सोहोनी वकिलांचा चेहरा उतरत गेला. "बैठक तहकूब केलेली नाही," ते म्हणाले. "तहकूब न करता अध्यक्षस्थान हललं, तर बैठक अध्यक्षस्थानाबरोबर जाते. आपण इथे थांबलो तर चालू बैठकीला गैरहजर ठरू."

"म्हणजे?" शेठजींनी विचारलं.

"सभासदत्व जाईल. चाला."

अशा रीतीने त्या समितीची पहिली बैठक सातपायरीचा घाट चढू लागली. पुढे जालमसिंग आणि त्याची माणसं. जालमसिंगने जोडे काढून हातात घेतले होते, कारण चढाला ते घसरत होते. त्यांच्यामागे काठी टेकत पाटील. मग घाम पुसत सोहोनी वकील, डोक्यावर छत्री. मग तट्टावर बन्सीलालभाई. पण पहिल्या कड्यापाशी तट्टू थांबलं ते थांबलंच, आणि तिथून भाईंना स्वतःचे पाय वापरावे लागले. सगळ्यांत मागे धर्मचंद शेठांची डोली. तिला आणखी दोन भोई लावावे लागले होते, तरी ती दर वळणावर खाली ठेवली जाई आणि आतून "अरिहंत, अरिहंत" असा आवाज येई. गुप्ते गळ्यात दौत अडकवून पुढे-मागे धावत टिपण लिहीत होते. त्यातलं एक वाक्य पुढे पुष्कळांना पाठ झालं: "पहिल्या वळणावर श्री. सोहोनी यांनी हरकत घेतली, परंतु धाप लागल्यामुळे ती कशास होती हे समजू शकले नाही."

पाटलांचे गुडघे कुरकुरत होते. पण त्यांना आत कुठेतरी बरं वाटत होतं. प्रत्येक वळणावर ते मागे बघायचे. खाली सपाटी पसरत चालली होती. कापसाची वावरं, उसाचे फड, गावांची झाडं, सगळं एकमेकांत मिसळत होतं. एका ठिकाणी ते थांबून म्हणाले, "आमनं कळसाडी कोनतं व्हई?" जालमसिंगने काठीने एका दिशेला दाखवलं. तिथे झाडांचा एक ठिपका होता. कौसाबाई या वेळी बाया घेऊन कापसात असेल, आणि डोंगराकडे बघून काहीतरी बोलत असेल, असं त्यांच्या मनात आलं. ती काय बोलत असेल याचीही त्यांना बरीच कल्पना होती.

उन्हं कलता कलता सगळे पठारावर पोहोचले. समोर तळं. स्वच्छ, मोठं, काठाने हिरवळ, जणू डोंगराने ओंजळीत पाणी धरलंय. सीताफळीची झाडंच झाडं. तळ्याकाठी पाड्यावरची माणसं जमली होती, आणि मधोमध एक खाट टाकली होती. तिच्यावर जालमसिंगच्या बायकोने, मोतीबाईने, नवी गोधडी अंथरली होती.

"ही मोठा सायेबनी," जालमसिंग म्हणाला. "जो मोठा त्यानी बसानं."

खाट एकच होती आणि आजूबाजूला चिखल होता.

धर्मचंद शेठ डोलीतून उतरले होते, त्यांचे पाय आखडले होते. बन्सीलालभाईंच्या मिशांचा काळा रंग घामाने ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. सोहोनी वकील अजून धापा टाकत होते. तिघांनीही खाटेकडे पाहिलं, जसं उपाशी माणूस पंगतीकडे पाहतो. पण बसायचं कसं? बसणं म्हणजे अध्यक्षपद पत्करणं. आणि कोण जाणे, तिसऱ्या पानावर काय लिहिलं असेल. उतरायचं म्हणजे हाच घाट, आणि पुन्हा पाहणी निघाली म्हणजे पुन्हा हाच घाट.

"आपण बसावं, भाई," शेठजी म्हणाले.

"छे छे, वकीलसाहेब, आपण."

"शेठजींनी बसावं."

असं बराच वेळ चाललं. पाड्यावरची पोरंबाळं, म्हातारे, बाया तिघांच्या तोंडाकडे बघत उभी. शेठजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. वकिलांनी छत्रीचा आधार घेतला तर छत्री चिखलात रुतली. शेवटी पितांबर पाटलांना राहवेना. राजकारण वगैरे काही त्यांच्या मनात नव्हतं, गुडघ्यांतून कळ आली होती एवढंच. ते खाटेपाशी गेले आणि "हं" करून बसले.

"अनुमोदन," धर्मचंद शेठ एका दमात म्हणाले.

"अनुमोदन," बन्सीलालभाई म्हणाले.

"हरकत आहे," सोहोनी वकील म्हणाले. "तात्पुरत्या अध्यक्षाला निवडणुकीला उभं राहता येत नाही."

पाटील खाटेवर सरकले आणि शेजारी जागा केली. "मी कठे उभा शे," ते म्हणाले, "बसेल शे. तुम्ही बी बसा."

वकिलांनी क्षणभर त्या जागेकडे बघितलं. मग ते तिच्यावर कोसळले आणि म्हणाले, "हरकत मागे घेतो." त्यांच्या पाठोपाठ उरलेले दोघेही बसले. खाट करकरली, पण टिकली. गुप्त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं, की श्री. पितांबर पाटील अध्यक्ष म्हणून एकमताने बसले.

मग काम सुरू झालं. गुप्त्यांनी दुसरं पान उघडलं आणि जालमसिंगला पहिला साक्षीदार म्हणून पुढे बोलावलं. त्याने जोडे घातले.

"तुले रस्ता जोयजे का नही?" अध्यक्षांनी विचारलं.

जालमसिंगने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यांच्यात पुन्हा कुजबुज, मग भांडण, मग शांतता झाली. "जोयजे," तो म्हणाला. "पन खाले जानारा."

"खाली जाणारा म्हणजे?" वकिलांनी विचारलं.

जालमसिंगने समजावून सांगितलं. चारोळी, आमचूर, सीताफळं खाली न्यायची तर बाया पडतात, माणसं पडतात. आजाऱ्याला झोळीत घालून न्यायचं तर आजारी वाटेतच मरतो. म्हणून खाली जायला रस्ता पाहिजे. पण रस्ता वर आला की जंगलखात्याचा गार्ड वर येईल, दारूवाला वर येईल. म्हणून वर येणारा नको. अर्ध्या पाड्यांना रस्ता हवा होता, अर्ध्यांना नको होता. इतके दिवस मोहाखाली भांडून त्यांनी यावर तोड काढली होती.

"पण भल्या माणसा, रस्ता हा दोन्ही बाजूंनी असतो," सोहोनी म्हणाले. "कायद्याने."

धर्मचंद शेठ मात्र खूश होते. चारोळी खाली यावी एवढंच त्यांना हवं होतं. बन्सीलालभाईंचा तळ्याकाठी उन्हाळी बंगला बांधायचा मनसुबा होता, तेव्हा त्यांना वर येणारा रस्ता पाहिजे होता. पण घाट चढून आल्यापासून तो मनसुबा बराच पातळ झाला होता. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले.

पितांबर पाटलांनी तळ्याकडे पाहत विचार केला. सभागृहात जे कधी जमलं नव्हतं ते त्या खाटेवर एकाएकी जमलं. लोक आपण काय बोलतो याची वाट बघतायत, आणि आपल्याकडे बोलायला काहीतरी आहे.

"तापी खालेच जास," ते म्हणाले. "तिले वर ये म्हनीसन कोनी कायदा दाखाडत नही. लिखा."

सोहोनी वकिलांनी तेवढी एक दुरुस्ती सुचवली आणि ती मान्य झाली. समितीने एकमताने शिफारस केली, की तोरणमाळहून खाली जाणारा पक्का रस्ता करण्यात यावा. वर येणाऱ्यांनी सध्याचीच वाट वापरावी, ही वकिलांची दुरुस्ती. त्यानंतर मोतीबाईने सगळ्यांना सीताफळं दिली आणि नागलीची भाकर वाढली. आधी कोणाला वाढायचं हे ती कोणालाही विचारत बसली नाही. जो जवळ होता त्याला वाढत गेली.

दुसऱ्या दिवशी समिती खाली उतरली तेव्हा नथ्थू खानसामा पायऱ्यांवर तार घेऊन उभा होता. विलायतेत लढाई सुरू झालेली होतीच. तिच्यावरून मुंबईत मंत्र्यांनी राजीनामे दिले होते, गव्हर्नरसाहेबांनी कारभार हाती घेतला होता, आणि विधानसभा आता बसणार नव्हती.

"म्हणजे समिती संपली?" बन्सीलालभाईंनी आशेने विचारलं.

गुप्त्यांनी ओसरीवर बसून पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे वाचलं. "नाही," ते म्हणाले. "सभागृह बरखास्त झालेलं नाही, नुसतं बसत नाहीये. समिती अहवाल सादर करेपर्यंत असते. अहवाल सभागृहापुढेच सादर करायचा असतो. सभागृह बसत नाही, तोवर तो सादर होत नाही, आणि तोवर समिती आहे."

"आनि अध्यक्ष?" पाटलांनी विचारलं.

"आहेत तेच."

गुप्ते अहवाल घेऊन मुंबईच्या गाडीत बसले. पाटील कळसाडीला आले तेव्हा कापसाची पहिली वेचणी उरकली होती. कौसाबाई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, की रस्त्याचं काय झालं. पाटलांनी सगळं सविस्तर सांगितलं. तिने ते दोनदा ऐकलं, आणि खाली जाणाऱ्या रस्त्याचं तेवढं तिला पटलं.

लढाईची वर्षं गेली. रस्ता काही झाला नाही, ना वर येणारा ना खाली जाणारा. पण वेचणी उरकली की पितांबर पाटील दर साली समितीची बैठक बोलवत, तोरणमाळला, तळ्याकाठी. त्यांना ती वाट आवडायला लागली होती आणि बैठक हे जायला चांगलं कारण होतं. पहिल्या साली तिघेही आले, कारण सभासदत्व जाईल अशी सोहोनींना धास्ती होती. नंतर शेठजींनी भोयांचं कारण सांगितलं, मग भाईंनी तट्टाचं. वकील तेवढे येत राहिले. तळ्याकाठी त्यांना हरकत घ्यायला काही नसायचं, तरी त्यांना तिथे झोप चांगली लागे. चौघे भरत नसल्यामुळे कामकाज होत नसे. जालमसिंग खाट टाकी, पाटील बसत, बैठक तहकूब करत, आणि मग सगळे जेवत.

एका साली कौसाबाईही हट्टाने बरोबर आली. घाटात ती पाटलांच्या पुढे चालली. वर आल्यावर पाटलांनी तिला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं, आणि ती इकडेतिकडे बघत राहिली. तळ्याकडे, झाडांकडे, चूल फुंकणाऱ्या मोतीबाईकडे.

"मंग आते काय करानं?" तिने विचारलं.

"आते तहकूब करानं."

"करी टाका मंग," कौसाबाई म्हणाली, आणि उठून पदर खोचत मोतीबाईच्या चुलीकडे गेली.